सोड्याचा नळ घरात हवा

घरी सोडा फाउंटन बसवण्याचा विषय सोलापुरात काढला की समोरचा माणूस आधी विचारतो, दुकान टाकताय का? मग आक्षेप सुरू होतात. कोपऱ्यावर लिंबू-सोडा मिळतो, तो सोडून घरात सिलिंडर कशाला? मे महिन्यात फुटला तर? मुलांना सवय लागली तर? सोड्यानं हाडं ठिसूळ होतात म्हणे. ताक आहे, पन्हं आहे, ही परदेशी थेरं हवीतच कशाला? आणि जाता जाता, त्या गाडीवाल्याच्या पोटावर पाय का देता, हेही ऐकवलं जातं.

यातला एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. बाकीचे चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवतात. घरी सोडा करावा, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण साखर हे आहे.

बाजारातल्या कोला किंवा तत्सम गोड पेयात १०० मिलिलिटरला साधारण ११ ग्रॅम साखर असते. ६०० मिलिलिटरची बाटली संपवली की ६५ ग्रॅमच्या आसपास साखर पोटात गेली, म्हणजे चहाचे तेरा चमचे. २००० कॅलरींचा आहार घेणाऱ्या माणसानं दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास २५ ग्रॅमवर आणावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं. एका बाटलीत ही मर्यादा ओलांडली जाते. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला. हे आकडे सगळ्यांनी वाचलेले असतात. तरीही एप्रिल लागला की दोन लिटरची बाटली फ्रिजच्या दारात येते, कारण दुपारी दोन वाजता होटगी रोडवरून घरी आलेल्या माणसाला घशाला झिणझिण्या आणणारं काहीतरी थंडगार हवं असतं. ती इच्छा खरी आहे. तिला हसून किंवा उपदेश करून ती जात नाही.

माणसाला हवा असतो थंडावा आणि गॅसचा झणका. साखर त्याच्या जोडीनं गळ्यात मारली जाते, कारण बाटलीत दोन्ही एकत्र बंद केलेलं असतं. घरी नळाला नुसता सोडा आला की ही जोडी तुटते. २०० मिलिलिटर सोडा, अर्धं लिंबू, चिमूटभर काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि एक चमचा साखर घातली तर साखर झाली ५ ग्रॅम. तेवढ्याच कोलात ती २२ ग्रॅम असते. पुढच्या महिन्यात अर्धा चमचा करता येते. हा निर्णय घरच्या बाईच्या किंवा बुवाच्या हातात येतो, आणि माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपाचं सार्थक एवढ्यातच आहे.

ताकाचा मुद्दा त्यामुळेच लागू पडत नाही. ताकाची जागा कोणी घेत नाही आणि घेऊही नये. घरचा सोडा फ्रिजमधल्या त्या दोन लिटरच्या बाटलीची जागा घेतो. परदेशी म्हणाल, तर जोसेफ प्रीस्टलीनं १७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्सला बिअरच्या पिंपावरचा वायू पाण्यात मिसळला हे खरं. पण मुंबईत पालनजींचा सोडा १८६५ पासून आहे, पुण्याच्या लष्कर भागातलं अर्देशीर १८८४ चं आणि ड्यूक्स १८८९ चं. सव्वाशे-दीडशे वर्षं आपल्याकडे तयार होणारी वस्तू परकी कशी? शिवाय आज हा वायू कुठून येतो तेही पाहा. उसाच्या मळीचं किण्वन होतं तेव्हा साखरेच्या १८० भागांतून ९२ भाग अल्कोहोल आणि ८८ भाग कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे मद्यार्काच्या जवळजवळ वजनाएवढा वायू. असा वायू गोळा करून शुद्ध केला की तो पेयांसाठी वापरता येतो. सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांपैकी एक. सोड्याचा कच्चा माल आपल्या शिवारातला म्हणायला काही हरकत नाही.

आता गंभीर आक्षेप. सिलिंडर आणि सोलापूरचा उन्हाळा.

कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात भरतात. २० अंश सेल्सिअसला आतला दाब सुमारे ५७ बार असतो. ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. त्या टोकाला दाब ७४ बारच्या आसपास जातो आणि तिथून पुढे तापमानाबरोबर झपाट्यानं चढतो. युरोपातल्या थंड तळघरात ठेवलेल्या सिलिंडरला ही अवस्था क्वचितच बघावी लागते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नियमाप्रमाणे भरलेल्या सिलिंडरमध्येही दाब १०० बारच्या वर जातो. म्हणून परदेशी पुस्तिकेतली मांडणी इथे जशीच्या तशी उचलून चालणार नाही. आक्षेप घेणाऱ्यांचं एवढं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

पण यातून सिलिंडर घरात आणूच नये असं सिद्ध होत नाही. हे सिलिंडर याहून कितीतरी अधिक दाबाला तपासलेले असतात, आणि त्यांच्या झडपेला बहुधा दाब फार वाढला तर फुटून वायू बाहेर सोडणारी चकती असते. खरा धोका तीन ठिकाणी असतो, आणि तिन्ही ठिकाणी गिऱ्हाइकाला काही करता येतं.

पहिलं म्हणजे जास्त भरलेला सिलिंडर. सिलिंडरमध्ये जेवढं पाणी मावतं त्याच्या साधारण दोन तृतीयांश वजनाचा वायू भरायचा असतो. वरची मोकळी जागा द्रव फुगण्यासाठी राखलेली असते. ती जागा भरली आणि वर ऊन लागलं, तर द्रवाला फुगायला वाव उरत नाही आणि दाब भलताच वाढतो. उपाय अगदी साधा आहे. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर कोरलेलं असतं. भरून आणताना दुकानातच वजन करा, फरक बघा. जास्त भरला असेल तर परत द्या. चार पैशांचा गॅस जास्त मिळाला म्हणून खूश होऊन घरी येणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की हा फायदा नव्हे.

दुसरं म्हणजे मुदत संपलेला सिलिंडर. ठरावीक वर्षांनी तो पाण्याच्या दाबानं पुन्हा तपासावा लागतो, साधारणपणे पाच वर्षांनी, आणि तपासणीची तारीख त्याच्यावर ठोकलेली असते. देशभरातल्या सिलिंडरांचे नियम सांभाळणारी पेसो ही केंद्रीय संस्था आपल्याच नागपुरात आहे आणि २०१६ चे गॅस सिलिंडर नियम तीच राबवते. तारीख गंजलेली, घासलेली किंवा रंगाखाली दडलेली असेल तर तो सिलिंडर घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी.

तिसरा धोका फुटण्याचा नाही, गळण्याचा आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. याला वास नसतो. हा हवेपेक्षा दीडपट जड असतो आणि जमिनीलगत साचतो. हिशोब करून बघा. दोन किलो वायू मोकळा झाला की साधारण १,१०० लिटर जागा घेतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत, छत दहा फुटांवर असेल तर, हवेतलं त्याचं प्रमाण सुमारे ४ टक्के होतं. अमेरिकेच्या नायोश या संस्थेनं जिवाला तत्काळ धोका म्हणून ठरवलेली पातळी नेमकी तीच आहे. पाच किलोचा सिलिंडर त्याच खोलीत सुटला तर प्रमाण १० टक्क्यांवर जातं आणि माणूस बेशुद्ध होऊन दगावू शकतो. म्हणून एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या झोपायच्या खोलीत हा सिलिंडर कधीही ठेवू नये. तळघरात नको, जिन्याखालच्या कोंदट खणात नको. दोन किलोच्या वर घरगुती गरजही नसते. स्वयंपाकघराचा सावलीतला, खिडकीजवळचा कोपरा, भिंतीला साखळी, सिलिंडर उभा. आडवा ठेवला तर द्रव रेग्युलेटरमध्ये घुसतो. पश्चिमेच्या गॅलरीत किंवा गच्चीवर ठेवला तर आधी सांगितलेलं सगळं व्यर्थ. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायची सवय आपल्या घरांत आहेच. ती इथेही कामाला येते.

एवढी काळजी घ्यायची तयारी नसेल, तर सिलिंडर घेऊ नये. पण स्वयंपाकघरात पेटणारा गॅस दिवसातून चारदा वापरणाऱ्या घराला, न पेटणारा वायू सांभाळता येणार नाही, हे मला पटत नाही.

उन्हाळ्याची आणखी एक बाजू आहे. वायू थंड पाण्यात जास्त विरघळतो, गरम पाण्यात कमी. चांगला झणझणीत सोडा म्हणजे एका लिटर पाण्यात साडेतीन ते चार लिटर वायू. पाणी ४ अंशांवर असेल तर त्यासाठी साधारण २० ते २५ पीएसआय दाब पुरतो. तेच पाणी ३० अंशांचं असेल तर ६० पीएसआयच्या वर जावं लागतं. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तर याहून गरम असतं. दुकानात दिसणाऱ्या सहा फ्लेवरच्या यंत्रात पंप, वायू मिसळायची टाकी आणि १०० पीएसआयच्या आसपासचा दाब असतो, कारण तिथे मिनिटाला ग्लास द्यायचा असतो. घरात घाई नाही. म्हणून घरात पंपाची गरजही नाही.

घरासाठी एवढं पुरे आहे: दोन किलोचा सिलिंडर, दोन घड्याळांचा रेग्युलेटर, खाद्यपदार्थांना चालणारी नळी, पाच किंवा नऊ लिटरचं दाब सोसणारं स्टीलचं केग आणि एक नळ. केग एका कप्प्याची जाळी काढून फ्रिजमध्ये बसतं. पाणी आधी थंड करून घ्या, केग भरा, वायू जोडून झाकणाची कडी ओढा आणि आतली हवा दोन-तीनदा बाहेर काढा, मग २५ पीएसआयला जोडलेलंच ठेवा. हलवलंत तर थोड्या वेळात सोडा तयार होतो, नुसतं ठेवलंत तर काही दिवसांत. नळाकडे जाणारी नळी बारीक आणि चांगली लांब ठेवा, गुंडाळून फ्रिजमध्येच. आखूड नळीत सोडा फेसाळतो आणि वायू ग्लासात पोचायच्या आतच उडून जातो. ‘यंत्रात दम नाही’ अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांची नळी आखूड किंवा पाणी कोमट असतं. एक लिटर सोड्याला जेमतेम ८ ग्रॅम वायू लागतो. गळती, झाकण उघडणं वगैरे धरूनही दोन किलोत दीडशे लिटरच्या घरात सोडा निघतो. बाजारात पाऊण लिटर साध्या सोड्याची बाटली वीस रुपयांच्या आसपास पडते आणि मागे प्लास्टिक उरतं. हिशोब ज्याचा त्यानं करावा.

आणखी एक आक्षेप पाण्याचा असतो, आणि तो मला समजतो. ज्या शहरात उजनीतून आणलेलं पाणी नळाला काही दिवसांच्या अंतरानं येतं, तिथे चैनीसाठी पाणी घालवायचं म्हटलं की राग येणारच. पण सोडा पाणी घालवत नाही. घर जे पाणी पितं त्यातलंच एक लिटर वायू मिसळून प्यायलं जातं. बोअरचं जड, क्षाराचं पाणी वापरू नये, एवढंच. त्यातला क्षार लिंबाचा आंबटपणा मारतो आणि नळाला पांढरी खपली धरते. आरओ असेल तर त्यातून वाया जाणारं पाणी फरशीला वापरा. ते आरओ पिण्यासाठी लावताना ठरलं होतं, सोड्यासाठी नव्हे.

एका गोष्टीत चूक करू नका. तांबं. पाणी तांब्याच्या भांड्यातलं प्यावं ही आपल्याकडची जुनी, मनापासून पाळलेली समजूत. त्यामुळे ‘तांब्याचं कॉइल आहे, आरोग्याला उत्तम’ असं सांगून यंत्र विकलं जाताना मी ऐकलं आहे. वायू मिसळलेलं पाणी आम्लधर्मी असतं. साध्या पाण्याला तांबं चालतं, पण हे पाणी तांबं आणि पितळ विरघळवतं, आणि असा सोडा प्यायला की मळमळ, उलट्या आणि पोटात कळा येतात. सोडा फाउंटनमधून अशा विषबाधा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. म्हणून वायू मिसळल्यानंतर सोड्याला स्टेनलेस स्टील किंवा खाद्य दर्जाचं प्लास्टिक याशिवाय काहीही लागता कामा नये. नळाचा आतला भाग पितळेचा आहे का, हेही विचारा. त्याचप्रमाणे वेल्डिंगच्या दुकानातून किंवा आग विझवायच्या सिलिंडरवाल्याकडून मिळेल तो वायू भरून आणू नका. पेयांसाठीच्या दर्जाचा आहे हे लेखी मागा.

आता हाडांचं. हा समज आला कुठून, तर अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातून. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या हाडांची घनता कमी आढळली. पण त्याच अभ्यासात कोलाखेरीजच्या गॅसयुक्त पेयांशी असा संबंध आढळला नाही. दोष वायूचा असता तर तो सगळ्यांत दिसला असता. दातांचंही तेच. साधा सोडा सौम्य आम्ल असतो. कोला आणि लिंबू त्याहून कितीतरी तीव्र. ज्यांना आम्लपित्ताचा, छातीत जळजळण्याचा त्रास आहे त्यांनी सोडा टाळावा, कारण वायूनं पोट फुगतं आणि आम्ल वर चढतं. रक्तदाब असणाऱ्यांनी बाजारच्या क्लब सोड्यात घातलेले सोडियमचे क्षार लेबलवर वाचावेत. घरच्या सोड्यात ते कोणी घालत नाही. मुलांना सवय लागेल म्हणता? सवय गोडाची लागते. नुसता सोडा दोन घोटांच्या वर मागणारं मूल मला अजून भेटलेलं नाही.

मात्र आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर देताना मी यंत्र विकणाऱ्यांची बाजू घेत नाही. त्यांचं म्हणणं असतं की घरातही सहा फ्लेवर हवेत, तयार सिरपचे डबे हवेत, लग्नाकार्याला उपयोगी पडेल. तयार सिरप एका भागाला पाच भाग सोडा या प्रमाणात मिसळतात आणि ग्लासात साखर पुन्हा बाटलीएवढीच उतरते. मग हा सगळा खटाटोप केला कशाला? २२ सप्टेंबर २०२५ पासून गोड गॅसयुक्त पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. सरकारनंही त्यांना घातक वस्तूंच्या रांगेत बसवलं असताना, तीच वस्तू घरात नळाला लावून घेण्यात कसलं शहाणपण?

सिरपच हवं असेल तर सोलापूरकरानं बाहेर कशाला बघावं? केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. मंगळवेढा, सांगोला, पंढरपूरच्या बागांतलं डाळिंब ज्या शहरात ढिगानं येतं, तिथल्या घरात रासबेरीच्या वासाचा लाल रंग का असावा? एक भाग डाळिंबाचा ताजा रस आणि तीन भाग सोडा घेतला तर रसातली साखर ग्लासभर पसरून १०० मिलिलिटरला चार ग्रॅमवर येते. वरून काही घालावं लागत नाही. कोकम आहे, आवळा आहे, आल्याचा रस आहे.

राहिला गाडीवाला. त्याच्याविषयी कळवळा मलाही आहे, आणि म्हणूनच हा मुद्दा असा वापरला जाणं मला खटकतं. गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ साली पेटंट केली. बाटली उलटी धरून भरायची, गोटी गळ्यातल्या रबरी कडीवर येऊन बसते आणि आतला वायूच तिला घट्ट दाबून धरतो. झाकण नाही, बूच नाही, बाटली पुन्हा पुन्हा वापरायची. हा शहाणा धंदा गल्लोगल्ली होता. तो घरच्या नळानं मोडला नाही. मोठ्या कंपन्यांच्या फ्रिजांनी, जाहिरातींनी आणि फेकून द्यायच्या बाटल्यांनी मोडला. १९९३ साली कोका-कोला भारतात परतली आणि त्याच वर्षी तिनं थम्स अप विकत घेतलं, त्यानंतर तर फारच वेगानं. गाडीवाल्याकडे आपण जातो ते बाहेर पडलो म्हणून, चार लोक भेटतात म्हणून. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत फिरताना कोणी घरून केग नेणार नाही. घरचा सोडा त्याचं गिऱ्हाईक तोडत नाही, दुकानातली दोन लिटरची बाटली तोडतो.

उलट त्याच्याविषयी खरंच काही करायचं असेल तर बर्फाबद्दल बोला. खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवावा असा दंडक राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ साली घातला. गाडीवरच्या सोड्यानं पोट बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे आणि बर्फामुळे, वायूमुळे नव्हे. चांगलं पाणी आणि खाण्याचा बर्फ त्याला परवडेल अशा दरात मिळावा, ही मागणी महापालिकेकडे करायला हवी.

हे वाचून कोणी यंत्रणा बसवायची ठरवली, तर माझी विनंती एवढीच: मार्च संपायच्या आत बसवा, म्हणजे उन्हाळ्याआधी सांधे तपासून होतील. सिलिंडर दोन किलोचाच घ्या, त्यावरची तपासणीची तारीख स्वतः वाचा, भरल्यावर वजन स्वतः करा. तांबं आणि पितळ नाकारा. तयार सिरपचा डबा मोफत दिला तरी परत करा. आणि पहिला ग्लास साखर न घालता प्या.